आसनावरून उठल्यावर

मज्झिम निकायातल्या कंदरक सुत्तात पेस्स नावाचा एक तरुण भेटतो. तो हत्ती हाकणाऱ्याचा मुलगा. चंपा नगरीत गग्गरा तळ्याकाठी बुद्ध उतरलेले असताना तो दर्शनाला जातो आणि सांगतो, की आम्ही पांढरी वस्त्रे नेसणारी, घरसंसारातली माणसेसुद्धा वेळोवेळी चार स्मृतिप्रस्थानांत (काया, वेदना, चित्त आणि धर्म यांच्या भानात) चित्त स्थिर करून राहतो. लगेच पुढे तो आपल्या धंद्यातले एक निरीक्षणही मांडतो. हत्ती चंपेपर्यंत एक खेप करून येईतो आपले सगळे डाव उघड करतो. घरातली नोकरमाणसे मात्र करतात एक, बोलतात दुसरे आणि मनात असते तिसरेच.

पेस्साचा 'वेळोवेळी' हा शब्द पालीत 'कालेन कालं' असा येतो. आज सजगतेची साधना दवाखान्यांत, शाळांत, तुरुंगांत, कचेऱ्यांत आणि मोबाइल फोनवर पोचली आहे, आणि तिच्याविषयीचे बहुतेक वाद या एका शब्दात सामावलेले आहेत. वेळोवेळी म्हणजे किती वेळ? कशासाठी? विहारातून ती घरी आणताना सोबत काय आणलेच पाहिजे, आणि काय मागे राहिले तरी चालेल?

शब्दाचा प्रवास

मूळ पाली शब्द 'सति', म्हणजे स्मृती. श्रीलंकेत मुलकी अधिकारी राहिलेल्या टी. डब्ल्यू. ऱ्हीस डेव्हिड्स यांनी १८८१ मध्ये सुत्तांचे भाषांतर करताना त्यासाठी 'माइंडफुलनेस' हा इंग्रजी शब्द योजला आणि तोच पुढे रूढ झाला. मराठीत जागरूकता, अवधान, सजगता असे पर्याय चालतात; विपश्यनेच्या शिबिरांत 'सजगता' अधिक ऐकू येते. मूळ अर्थाच्या सर्वांत जवळ जाणारा शब्द मात्र बहुधा घरातलाच आहे: भान. 'कुणापुढे बोलतोस याचं भान ठेव' असे आई मुलाला म्हणते, तेव्हा त्यात लक्ष देणे असते, आठवण असते आणि बरेवाईट ओळखण्याची अपेक्षाही असते.

ही तिसरी गोष्टच वादाची आहे. मिलिंदपञ्ह या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन स्मृती समजावताना राजाच्या कोठाराध्यक्षाचा दाखला देतात. तो सकाळ-संध्याकाळ राजाला त्याचे हत्ती, घोडे, धन यांची आठवण करून देतो. तशी स्मृती मनाला कुशल काय आणि अकुशल काय याची आठवण देते. याउलट अमेरिकेत जॉन कबाट-झिन यांनी लोकप्रिय केलेली व्याख्या अशी: हेतुपूर्वक, वर्तमान क्षणी, कोणताही निवाडा न करता दिलेले लक्ष. २०११ मध्ये 'कन्टेम्पररी बुद्धिझम' या नियतकालिकाच्या विशेषांकात भिक्खू बोधी, रूपर्ट गेथिन, जॉर्ज ड्रेफस अशा अभ्यासकांनी या दोन अर्थांमधले अंतर तपासले. निवाडा न करणे ही सुरुवातीची एक उपयुक्त युक्ती आहे, पण परंपरेतली स्मृती तेवढ्यावर थांबत नाही, असा त्यांच्या मांडणीचा साधारण रोख. कबाट-झिन यांनी त्याच अंकात आपली बाजू मांडली. पाश्चात्त्य दवाखान्यात चालेल असा एक छत्रीसारखा शब्द आपण जाणीवपूर्वक वापरला आणि त्याखाली सारा धम्म अभिप्रेत होता, असे त्यांचे म्हणणे. अभिप्रेत असलेली गोष्ट शिकणाऱ्यापर्यंत पोचते का, हा मुद्दा तिथे मिटला नाही.

मराठी वाचकाला हा विषय पश्चिमेकडून प्रथमच कळला असेही नाही. गोव्यातल्या साखवाळचे धर्मानंद कोसंबी श्रीलंका आणि ब्रह्मदेशात जाऊन पाली शिकले आणि १९२५ मध्ये त्यांनी 'समाधिमार्ग' हे पुस्तक मराठीत लिहिले. चित्त एकाग्र करण्याचे पाली परंपरेतले मार्ग सामान्य वाचकाला समजावेत, हा त्यामागचा उद्देश होता.

भिक्षूंकडून गृहस्थांकडे

बौद्ध देशांत सगळेच पूर्वापार ध्यान करत आले आहेत, ही समजूत इतिहासाला धरून नाही. पेस्सासारखे अपवाद होते. पण कित्येक शतके गृहस्थाचा धर्म म्हणजे दान आणि शील, आणि ध्यान हे थोड्या भिक्षूंचे काम. बदल घडला तो ब्रह्मदेशात. १८८५ मध्ये इंग्रजांनी मंडाले घेतले, राजा गेला आणि त्याच्याबरोबर धर्माचा आश्रयदाताही. धम्म टिकवायचा तर तो प्रत्येक घरात रुजवला पाहिजे, या विचाराने भिक्षू लेडी सयाडो (१८४६–१९२३) गावोगाव फिरले; त्यांनी सोप्या भाषेत पुस्तके लिहिली आणि गृहस्थांना ध्यान शिकवायला सुरुवात केली. 'रोजच्या जगण्यात ध्यान' ही आज आधुनिक वाटणारी कल्पना एका पराभूत देशाच्या सांस्कृतिक धडपडीतून आलेली आहे.

त्याच परंपरेतले ऊ बा खिन (१८९९–१९७१) हे सरकारी नोकर. ब्रह्मदेश स्वतंत्र झाला त्या दिवशी ते त्या देशाचे महालेखापाल झाले आणि आपल्या खात्यातल्या कर्मचाऱ्यांनाही त्यांनी साधना शिकवली. १९५५ मध्ये त्यांच्याकडे अर्धशिशीने बेजार झालेला एक मारवाडी व्यापारी आला, सत्यनारायण गोएंका. जुलै १९६९ मध्ये गोएंकांनी मुंबईत भारतातले पहिले शिबिर घेतले, १९७६ मध्ये इगतपुरीला धम्मगिरी हे विपश्यना केंद्र उभे राहू लागले आणि २००९ मध्ये गोराईचा विश्व विपश्यना पॅगोडा खुला झाला. दहा दिवस, पहाटे चारची घंटा, दिवसाला सुमारे दहा तास बैठक, नऊ दिवस आर्य मौन. आधी साडेतीन दिवस आनापान, म्हणजे श्वासाचे निरीक्षण, मग संवेदनांची विपश्यना, शेवटी मंगल मैत्री. शुल्क नाही, शिबिर पूर्ण केलेल्या साधकांच्या दानावर सगळे चालते. महाराष्ट्र शासनाने आपल्या कर्मचाऱ्यांना या शिबिरासाठी रजेची सोयही केली.

दुसरा प्रवाह महासी सयाडो (१९०४–१९८२) यांचा. पोटाचे वर-खाली होणे पाहायचे आणि चालणे, बसणे, ऐकणे, दुखणे यांची मनात नोंद घेत राहायचे. याच प्रवाहातल्या नानी बाला बरुआ, म्हणजे दीपा माँ (१९११–१९८९), यांच्यापाशी या लेखाच्या विषयाला थांबावेच लागते. जन्म चितगावचा, संसार रंगूनला. मुले दगावली, १९५७ मध्ये पतीही गेले, आणि खचलेल्या प्रकृतीने त्या ध्यानकेंद्रात पोचल्या. पुढे कोलकात्याच्या लहानशा घरात त्यांनी आसपासच्या गृहिणींना शिकवले. घरकामातून सवड नाही म्हणणाऱ्या बाईला त्या सवड काढायला सांगत नसत. बाळाला दूध पाजताना त्या स्पर्शाचेच भान ठेव, इस्त्री करताना इस्त्रीचे, असे सांगत. अमेरिकेत १९७० च्या दशकात 'इनसाइट मेडिटेशन सोसायटी' सुरू करणारे जोसेफ गोल्डस्टीन, शेरॉन साल्झबर्ग आणि जॅक कॉर्नफील्ड त्यांना गुरुस्थानी मानत.

व्हिएतनामचे तिक न्यात हन्ह (१९२६–२०२२) झेन परंपरेतले. भांडी घासणे, चहा पिणे, चालणे हीच साधना, असे सांगणारे त्यांचे १९७५ चे पुस्तक जगभर वाचले गेले. ते मुळात युद्धकाळात खेड्यांत काम करणाऱ्या तरुण समाजसेवकांसाठी लिहिलेले दीर्घ पत्र होते, ही बाब क्वचितच सांगितली जाते. बॉम्बहल्ल्यांत उद्ध्वस्त झालेली गावे पुन्हा उभारणाऱ्यांनी खचू नये म्हणून ती शिकवण दिली होती.

दवाखान्यातली कसोटी

१९७९ मध्ये कबाट-झिन यांनी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात, इतर उपायांनी न हटणाऱ्या वेदनांच्या रुग्णांसाठी आठ आठवड्यांचा वर्ग सुरू केला. ते रेण्वीय जीवशास्त्राचे अभ्यासक. साधना झेन आणि विपश्यना दोन्हींची. आठवड्याला अडीच तासांचा वर्ग, एक पूर्ण दिवस मौनाचा आणि रोज घरी पाऊण तास सराव. बुद्धाचे नाव नाही, त्रिशरण नाही, पंचशील नाही. पायाच्या बोटांपासून डोक्यापर्यंत शरीर न्याहाळण्याचा त्यातला सराव ऊ बा खिन परंपरेशी नाते सांगतो. आज वैद्यकात ज्याला माइंडफुलनेस म्हणतात त्याचा साचा इथला.

पुरावा कुठे भक्कम आहे, हे नेमके सांगता येते. झिंडेल सीगल, मार्क विल्यम्स आणि जॉन टीसडेल यांनी हा साचा पुन्हा पुन्हा नैराश्यात जाणाऱ्यांसाठी बदलून घेतला. त्यांच्या २००० सालच्या १४५ जणांवरील चाचणीत, ज्यांना पूर्वी तीन किंवा अधिक वेळा नैराश्य आले होते त्यांच्यापैकी नेहमीचेच उपचार घेणाऱ्या ६६ टक्क्यांना ते परत आले. हा वर्ग केलेल्यांत ३७ टक्क्यांना. ब्रिटनमध्ये २००४ पासून अधिकृत उपचार-मार्गदर्शनात त्याचा समावेश झाला. मात्र 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २०१५ साली आलेल्या ४२४ रुग्णांच्या चाचणीत हा वर्ग नैराश्यविरोधी गोळ्यांपेक्षा सरस ठरला नाही. दोन्ही गटांत नैराश्य परत येण्याचे प्रमाण ४४ आणि ४७ टक्के, म्हणजे जवळजवळ सारखेच. गोळ्या सोडू इच्छिणाऱ्याला पर्याय आहे, असा त्याचा अर्थ होतो. गोळ्या निरुपयोगी आहेत, असा होत नाही. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २७६ जणांच्या दुसऱ्या एका चाचणीत चिंताविकारावर कबाट-झिन यांचा आठ आठवड्यांचा वर्ग एस्सिटॅलोप्रॅम या औषधाच्या तोडीस तोड ठरला.

याच्या पलीकडे जमीन भुसभुशीत होते. २०१४ मध्ये ४७ चाचण्या आणि ३,५१५ जणांची माहिती एकत्र करून पाहिली गेली. चिंता, नैराश्य आणि वेदना यांत मध्यम दर्जाच्या पुराव्यावर आधारलेला माफक फायदा दिसला. झोप, वजन, एकाग्रता याबाबतचा पुरावा तुटपुंजा होता, आणि व्यायाम किंवा दुसरे मानसोपचार यांपेक्षा ध्यान अधिक चांगले असल्याचे दिसले नाही. २०१८ मध्ये पंधरा संशोधकांनी मिळून लिहिलेल्या एका लेखाने या क्षेत्रातल्या अतिउत्साहालाच हात घातला. व्याख्या सैल आहेत, तुलनेचे गट कमकुवत आहेत, बातम्या फुगवलेल्या आहेत, असे त्यांचे म्हणणे. लिहिणाऱ्यांत ध्यानाचे संशोधन करणारेच होते, म्हणून त्या लेखाचे वजन अधिक.

शाळा, तुरुंग, कचेरी

तुरुंगांचा अनुभव भारतातला आणि सर्वांत नाट्यमय. १९७५ मध्ये जयपूरच्या मध्यवर्ती कारागृहात पहिले शिबिर झाले. किरण बेदी तिहारच्या प्रमुख असताना तिथे १९९३ मध्ये शिबिरे सुरू झाली आणि एप्रिल १९९४ मध्ये हजाराहून अधिक बंदिवान एकाच वेळी बसले. त्यावरच्या १९९७ च्या माहितीपटाने ही गोष्ट जगभर नेली. बंदिवान आणि अधिकारी यांनी सांगितलेले बदल मनाला भिडणारे आहेत. पण शिबिराला स्वतःहून जाणारे आणि न जाणारे यांच्यात मुळातच फरक असतो, आणि तो बाजूला काढणे अवघड.

शाळांविषयी मोठी चाचणी ब्रिटनमध्ये झाली: ८५ शाळा, आठ हजारांवर मुले, वय साधारण ११ ते १४. २०२२ मध्ये निकाल आला. मुलांच्या मानसिक स्वास्थ्यात नेहमीच्या शिकवणीपेक्षा फरक पडला नाही; बहुतेक मुलांनी घरी सराव केलाच नव्हता. शिक्षकांचा थकवा मात्र थोडा कमी झाला. महाराष्ट्रात शालेय शिक्षण विभाग आणि इगतपुरीचे विपश्यना विशोधन विन्यास यांनी मिळून चालवलेल्या 'मित्र उपक्रमा'त मुले दिवसातून काही मिनिटे आनापान करतात. दोन्हींची थेट तुलना योग्य ठरणार नाही: भाषा वेगळी, पद्धत वेगळी, वर्गखोलीही वेगळी. पण ब्रिटनमधल्या त्या चाचणीने एक प्रश्न इथल्या शिक्षकांपुढेही ठेवला आहे. मुलांना हवे असते तेव्हाच ध्यान उपयोगी पडत असेल, तर तासिका लावून ते कसे शिकवायचे?

कचेऱ्यांकडे वळले की सूर बदलतो. गूगलमध्ये २००७ पासून अभियंत्यांसाठी असे वर्ग सुरू झाले. २०१० मध्ये 'हेडस्पेस' आणि २०१२ मध्ये 'काम' (Calm) या कंपन्या आल्या आणि ध्यान मासिक वर्गणीवर मिळू लागले.

दोन टीका, एक सूत्र

२०१३ मध्ये रॉन पर्सर आणि डेव्हिड लॉय या दोन बौद्ध अभ्यासकांनी 'मॅकमाइंडफुलनेस' हा शब्द चलनात आणला. कामाचे तास, पगार, असुरक्षितता यांतून येणारा ताण कर्मचाऱ्याच्या डोक्यातला दोष ठरवायचा आणि त्याला श्वास पाहायला सांगायचे, म्हणजे व्यवस्थेला हात लागत नाही, असा त्यांचा आक्षेप. त्यावरचे उत्तरही दुबळे नाही. शांत झालेला माणूस अन्याय निमूट सोसेलच असे नाही, तो अधिक स्पष्ट बोलूही शकतो. आणि ज्याला आज रात्री झोप लागत नाही त्याला समाज बदलेपर्यंत थांबा असे सांगणे निर्दयपणाचे आहे.

महाराष्ट्रात हाच वाद अधिक खोलवर चालतो, कारण इथे बुद्ध दोन वाटांनी परत आले. एक वाट ब्रह्मदेशातून इगतपुरीला पोचते. दुसरी १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरच्या दीक्षाभूमीवर सुरू होते. योगायोग असा, की डॉ. बाबासाहेब आंबेडकर डिसेंबर १९५४ मध्ये जागतिक बौद्ध परिषदेसाठी रंगूनमध्ये होते, आणि पुढच्याच वर्षी त्याच शहरात गोएंकांनी पहिले शिबिर केले. आंबेडकरी चळवळीतल्या अनेकांचा आक्षेप असा: डोळे मिटून संवेदना पाहणारा तरुण वस्तीतल्या प्रश्नांपासून दूर जातो, दुःखाचे सामाजिक कारण विसरतो आणि जात जिथल्या तिथे राहते. बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात सिद्धार्थाच्या गृहत्यागामागे रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात पेटलेला तंटा आहे, याकडे ते बोट दाखवतात.

पण त्याच ग्रंथात गौतम चार आठवडे ध्यान करून बोधीला पोचतात, हेही खरे. बाबासाहेबांनी समाधी आणि सम्यक समाधी यांत केलेला फरक इथे फार मोलाचा आहे. नुसती समाधी मनातले अडथळे तेवढ्यापुरते दूर ठेवते. सम्यक समाधी मनाला कुशल कर्माचा विचार करण्याचे कायमचे वळण लावते. कुशल-अकुशलाची आठवण देणारी नागसेनांची स्मृती याहून फार लांब नाही. भिक्खू बोधी आणि आंबेडकरी कार्यकर्ता यांची भाषा वेगळी असली तरी दोघांचा प्रश्न एकाच जागी येऊन ठेपतो.

या दोन वाटा जोडण्याचे प्रयत्नही झाले आहेत. इंग्रज भिक्षू संघरक्षित यांच्या प्रेरणेतून उभ्या राहिलेल्या, आज त्रिरत्न बौद्ध महासंघ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संघटनेने पुण्यातल्या वस्त्यांत आरोग्य, वसतिगृहे आणि धम्मवर्ग यांचे काम उभे केले, आणि भाज्याच्या लेण्यांजवळ शिबिरांची जागाही. आनापानस्मृती आणि मैत्रीभावना या तिथल्या दोन मुख्य साधना. दुसरीकडे, १४ ऑक्टोबरला दीक्षाभूमीवर जाणारे आणि वर्षातून एकदा दहा दिवसांच्या शिबिराला बसणारे लोक एकाच घरात, कधी एकाच माणसात सापडतात. वाद मांडणाऱ्यांपेक्षा जगणाऱ्यांनी तो अधिक सोडवला आहे, असे कधीकधी वाटते.

ज्याविषयी उशिरा बोलले गेले

ध्यानाने त्रासही होऊ शकतो. २०१७ मध्ये विलोबी ब्रिटन आणि जॅरेड लिंडाल यांनी पाश्चात्त्य बौद्ध साधकांच्या मुलाखतींतून अशा अवघड अनुभवांचे ५९ प्रकार नोंदवले: भीती, झोप उडणे, भावना बधिर होणे, स्वतःपासून तुटल्यासारखे वाटणे. २०२० मध्ये ८३ अभ्यास एकत्र पाहिले असता अशा अनुभवांचे प्रमाण ८.३ टक्के निघाले. मानसोपचारांतही जवळपास इतके प्रमाण आढळते, त्यामुळे घाबरून जाण्याचे कारण नाही. पण मानसोपचार घेणाऱ्याला धोक्याची कल्पना दिली जाते आणि मागे डॉक्टर असतो. मोबाइलवर एकट्याने बसणाऱ्यामागे कुणी नसते. विपश्यना केंद्रे प्रवेश-अर्जात मानसिक आजाराची माहिती विचारतात आणि गंभीर आजार असणाऱ्यांना शिबिर न करण्याचा सल्ला देतात. ही चाळणी पुरेशी आहे का, आणि दहा दिवसांनंतर घरी गेलेल्या साधकाची विचारपूस कुणी करायची, यावर अजून एकमत नाही.

वेळ कुणाकडे आहे

गोएंका परंपरेत शिबिरानंतर सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास बसायचे असते. कबाट-झिन पाऊण तास मागतात. प्रत्यक्षात काय होते? २०१७ मध्ये ४३ अभ्यासांतून दिसले, की आठ आठवड्यांच्या वर्गांतले लोक सांगितलेल्या सरावाच्या सुमारे ६४ टक्के, म्हणजे दिवसाला साधारण अर्धा तास करतात; सराव आणि फायदा यांचे नाते आहे, पण सौम्य. वर्ग संपल्यावर वर्षभराने काय उरते, याची माहिती फार विरळ आहे.

भारतात हा प्रश्न आणखी टोकदार होतो. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या बाईची त्यात दिवसाला २९९ मिनिटे जातात, पुरुषाची ९७. नळाला पाणी पहाटे येत असेल तर पहाटेचा तास बैठकीला उरत नाही. एका खोलीच्या घरात दार लावून घेण्याची सोयच नसते. दोन तासांची शिफारस ही नकळत ठराविक लोकांसाठी केलेली शिफारस ठरते, आणि या मुद्द्यावर विपश्यनेच्या वर्तुळातही मोकळी चर्चा व्हायला हवी.

सतिपट्ठान सुत्त स्वतः या अडचणीवर उजेड टाकते. त्यातला संप्रजन्याचा, म्हणजे प्रत्येक कृती समजून करण्याचा, भाग पुढे जाणे, मागे वळणे, हातपाय दुमडणे, खाणे, पिणे, शौचाला जाणे, बोलणे, गप्प राहणे अशा साऱ्या क्रिया मोजून सांगतो. दीपा माँ आणि तिक न्यात हन्ह या परिच्छेदाचे वारसदार. मात्र बैठक अजिबात नसेल तर कामातले भान टिकते का, यावर आचार्यांत मतभेद आहेत. बहुतेक परंपरा म्हणतात, नाही; बैठकीत मन घडले नाही तर कामात ते हरवतेच. संशोधनाचे तर मापच बैठकीच्या मिनिटांचे आहे. स्वयंपाक करताना ठेवलेल्या भानाची नोंद घ्यायची कशी, हे अजून कुणाला नीट जमलेले नाही.

आणि मापाची आणखी एक अडचण आहे, जी हत्तीवाल्याच्या मुलाने ओळखली असती. आजवरचा बराचसा पुरावा साधकाने स्वतः भरलेल्या प्रश्नावल्यांवर उभा आहे: मी किती शांत झालो, मला राग किती कमी येतो. त्याच्याबरोबर राहणाऱ्यांना, त्याची बायको, मुलगी, हाताखालचा माणूस, शेजारी यांना, क्वचितच कुणी विचारते.